कोळंबीची ट्रेडमिल आणि दीडशे वर्षांचे पेन्शनर

मामांनी ग्रुपवर टाकलेल्या त्या फॉरवर्डकडे आधी दुर्लक्षच केलं होतं. मग तोच मजकूर आत्याकडून आला, ऑफिसातल्या एकाकडून आला, आणि मामांनी पुन्हा टाकताना खाली स्वतःची पुरवणी जोडली: "असा एक तरी माणूस सगळीकडे हवा." मामांची अख्खी नोकरी बँकेच्या ऑडिटमध्ये गेली. व्हाउचरवर सही नसेल तर सगळी शाखा डोक्यावर घेणारे हे गृहस्थ एका बिनसहीच्या मजकुरावर डोळे मिटून विश्वास ठेवतात, म्हणून हे लिहिणं आलं.

मजकूर थोडक्यात असा. अमेरिकेत एक कट्टर कॉन्झर्वेटिव्ह सिनेटर दर आठवड्याला सरकारी उधळपट्टीची यादी छापतो. (नाव कुठेच नाही.) त्याने एकट्याने शोधून काढलं की कोळंबीला ट्रेडमिलवर पळवायला सरकारने 30 लाख डॉलर दिले, दीडशे वर्षांचे कोट्यवधी मेलेले लोक पेन्शन घेताहेत, भारतात मतदान वाढवायला 2.1 कोटी डॉलर गेले, आणि परदेशांना दिली जाणारी मदत थांबवली तर अमेरिकेचं कर्ज फिटेल. इतकी वर्षं कुणाचं लक्षच नव्हतं. आणि शेवटचा षटकार: हिशेब तपासणारे अधिकारी स्वतःच सामील होते, त्यांना काढून टाकलं ते उत्तम झालं.

सुरुवात दीडशे वर्षांच्या पेन्शनरांपासून करू, कारण यादीतला सगळ्यात बिनडोक दावा हाच आहे आणि सगळ्यात जास्त नुकसान करणाराही हाच.

फेब्रुवारी 2025 मध्ये इलॉन मस्क यांनी सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी पेन्शन योजनेच्या, नोंदींचा वयोगटानुसार एक तक्ता टाकला. त्यात शंभरी ओलांडलेले, दीडशे ओलांडलेले लक्षावधी लोक 'जिवंत' दिसत होते. 4 मार्चला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी काँग्रेससमोरच्या (म्हणजे तिथल्या संसदेसमोरच्या) भाषणात असलेच आकडे एकेक करून वाचून दाखवले. सभागृहात हशा पिकला आणि फॉरवर्ड तयार झाला.

आता या 'शोधा'ची गंमत पाहा. सोशल सिक्युरिटीच्याच महानिरीक्षकांच्या (खात्याचा कारभार आणि हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्यांच्या) कार्यालयाने जुलै 2023 मध्ये यावर अहवाल लिहून ठेवला होता. तो जाहीर आहे, कुणीही वाचावा. 1920 किंवा त्याआधी जन्मलेले 1 कोटी 89 लाख सोशल सिक्युरिटी क्रमांकधारक असे सापडले की ज्यांच्या नावापुढे मृत्यूची तारीखच नाही. फॉरवर्ड इथे थांबतो. अहवाल पुढे जातो: त्यातल्या पैसे मिळत असलेल्यांची संख्या सुमारे 44 हजार. 2020 च्या जनगणनेत शंभरी गाठलेली खरीखुरी माणसंच 80 हजारांवर होती, त्यामुळे या 44 हजारांत दचकण्यासारखं काही नाही. उरलेल्या कोटीभराहून अधिक लोकांना एक सेंटही जात नव्हता. ही माणसं बहुतेक कॉम्प्युटरच्या नोंदी सुरू होण्याआधीच वारली, त्यांच्या मृत्यूची खबर त्या नोंदवहीपर्यंत पोचली नाही, क्रमांक तेवढा उघडा राहिला. शिवाय वय 115 झालं की पेमेंट आपोआप थांबवण्याची सोय 2015 पासून आहे. दीडशे वर्षांच्या माणसाला पेन्शन जायची म्हटलं तरी जाणार कशी?

मामा, तुमच्या भाषेत सांगतो. खातं कागदोपत्री बंद केलेलं नाही, पण शिल्लक शून्य आणि कित्येक वर्षांत व्यवहार नाही. अशा खात्यावर तुम्ही शेरा मारला असता, मॅनेजरला झापलं असतं. अफरातफरीची तक्रार केली असती का?

शेरा मारण्याजोगं मात्र होतं, हे कबूल. असे उघडे क्रमांक दुसऱ्याच्या नावाने नोकरी मिळवायला वापरता येतात, तसे वापरलेही गेले, आणि महानिरीक्षकांनी नोंदी दुरुस्त करा असं बजावलं होतं. खात्याने दुरुस्तीचा खर्च 55 ते 97 लाख डॉलर काढला आणि एवढ्या खर्चातून फारसं काही हाती लागणार नाही म्हणून नकार दिला. हा नकार मला पटत नाही. पण 'दुरुस्ती टाळली' आणि 'कोट्यवधी मुडदे पेन्शन खातात' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नुकसान कसलं, तेही सांगतो. मृतांची यादी घाईघाईने 'स्वच्छ' करायला घेतली की जिवंत माणसं मरतात, कागदावर. ही यादी बँका पाहतात, विमा कंपन्या पाहतात. तिच्यात चुकून नाव गेलं की पेन्शन थांबते, बँक खातं गोठतं, आणि म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या हयातीचा दाखला घेऊन खेटे घालावे लागतात. एरवीही दरवर्षी हजारो लोकांच्या बाबतीत अशी चूक होते आणि मग दुरुस्त करावी लागते. एप्रिल 2025 मध्ये तर सहा हजारांहून जास्त जिवंत स्थलांतरितांची नावं या यादीत मुद्दाम घातली गेली, म्हणजे त्यांना काम करणं आणि बँकेत खातं ठेवणं अशक्य होऊन ते आपणहून देश सोडतील. सभागृहात हसून ऐकलेल्या तक्त्यामागे हे असलं काही उभं असतं.

आणि पैशांचा हिशेबच हवा असेल तर तोही महानिरीक्षकांच्याच कार्यालयाने मांडलेला आहे. 2015 ते 2022 या आर्थिक वर्षांत सोशल सिक्युरिटीने सुमारे 8,600 अब्ज डॉलर वाटले, त्यात 71.8 अब्ज चुकीने गेले. टक्का भरत नाही. त्यातलेही बहुतेक जिवंत माणसांनाच जास्तीचे दिले गेलेले.

बाकीचं भरभर.

कोळंबी. ओक्लाहोमाचे रिपब्लिकन सिनेटर टॉम कोबर्न यांनी 2011 मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशन या संशोधनाला सरकारी पैसा देणाऱ्या संस्थेवर एक टीकेचा अहवाल काढला, त्यातून ही कोळंबी जगभर धावत सुटली. आजारी कोळंबी, पाण्यातला कमी ऑक्सिजन आणि जीवाणू यांचा एकमेकांशी संबंध काय, असं ते संशोधन होतं. आपण खातो त्या मत्स्याहाराशी थेट निगडित. ट्रेडमिल बनवणारे प्राध्यापक डेव्हिड स्कॉलनिक यांनी नंतर सांगितलं की ते यंत्र त्यांनी सुट्या भागांतून स्वतः जोडलं आणि त्याला पन्नास डॉलरसुद्धा लागले नाहीत, तेही स्वतःच्या खिशातले. 30 लाख हा आकडा वाटेत फुगत गेला.

भारतातलं मतदान. फेब्रुवारी 2025 मध्ये मस्क यांच्या डोज या खर्चकपातीच्या सरकारी विभागाने रद्द केलेल्या अनुदानांच्या यादीत ही ओळ होती. यावर आपल्याकडे टीव्हीवर किती आरडाओरडा झाला ते आठवत असेल. ऑगस्टमध्ये परराष्ट्र मंत्रालयाने राज्यसभेत लेखी उत्तर दिलं: अमेरिकी दूतावासाने कळवलं आहे की 2014 ते 2024 या आर्थिक वर्षांत यूएसएड या अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत संस्थेच्या भारतातल्या कार्यालयाला मतदान वाढवण्यासाठी असे 2.1 कोटी डॉलर मिळाले नाहीत, त्यांनी दिले नाहीत, आणि तसा कुठला उपक्रमही राबवला नाही. विषय संपला. हे उत्तर मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

परदेशी मदत. अमेरिकन लोकांनाच विचारलं तर सरासरी उत्तर येतं की बजेटचा चौथा हिस्सा मदतीवर जातो. केएफएफ ही संस्था वर्षानुवर्षं हा प्रश्न विचारते आहे. खरा हिस्सा एक टक्क्याच्या आसपास. 2023 च्या आर्थिक वर्षात मदत होती साधारण 72 अब्ज डॉलर आणि त्या एका वर्षाची तूट सुमारे 1,700 अब्ज. मदत पूर्ण बंद केली तरी त्या वर्षीचा खड्डासुद्धा बुजत नाही, मागच्या कर्जाची तर गोष्टच सोडा. कर्जावरचं निव्वळ व्याजच पुढच्या वर्षी 880 अब्जांच्या घरात गेलं.

आता त्या एकट्या वीराकडे येऊ. उधळपट्टीच्या याद्या छापण्याची परंपरा जुनी आहे, आणि गंमत अशी की तिचा सगळ्यात गाजलेला पुरुष कॉन्झर्वेटिव्ह नव्हताच. विस्कॉन्सिनचे डेमोक्रॅट सिनेटर विल्यम प्रॉक्समायर 1975 पासून 1988 पर्यंत दर महिन्याला 'गोल्डन फ्लीस' नावाचा पुरस्कार, खरं तर टोला, देत असत. पहिलाच टोला होता माणसं प्रेमात का पडतात या 84 हजार डॉलरच्या अभ्यासाला. पुढे त्यांनी माकडांच्या रागावर प्रयोग करणाऱ्या रोनाल्ड हचिन्सन या शास्त्रज्ञाला झोडपलं, त्यांनी बदनामीचा दावा लावला, आणि 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सभागृहातल्या भाषणाला संरक्षण आहे, मतदारांना धाडलेल्या वार्तापत्राला किंवा प्रसिद्धीपत्रकाला नाही. प्रॉक्समायर यांनी 10 हजार डॉलर भरून तडजोड केली, सिनेटमध्ये उभं राहून खुलासाही केला. वकिलांचं बिल सिनेटने, म्हणजे करदात्यांनीच, चुकतं केलं. उधळपट्टीच्या यादीत ही नोंद कधी आली नाही.

कोबर्न यांच्यावर मी वर तोंडसुख घेतलं, पण त्या माणसाने खरं कामही केलं, आणि ते यादीत कधीच दिसत नाही. 2006 मध्ये त्यांनी बराक ओबामा या तेव्हाच्या सिनेटरला सोबत घेऊन एक कायदा आणला. आज अमेरिकेतलं प्रत्येक अनुदान, प्रत्येक कंत्राट वेबसाइटवर शोधता येतं ते त्यामुळे. 2010 मध्ये त्यांनी दुसरी तरतूद करवून घेतली: एकच काम अनेक खाती करताहेत का, हे जीएओने दरवर्षी शोधून सांगायचं. (आपल्याकडे कॅग, तसं तिथे जीएओ. 1921 पासून आहे, म्हणजे 'कुणाचं लक्षच नव्हतं' हेही गेलं.) त्या अहवालांतून सुचवलेल्या दुरुस्त्यांनी 2024 पर्यंत साडेसहाशे अब्ज डॉलरहून अधिक फायदा झाल्याचा जीएओचा हिशेब आहे. कोळंबीने किती वाचवले?

कॉन्झर्वेटिव्ह सिनेटरच हवा असेल तर आयोवाचे चक ग्रासली घ्या. 1981 पासून सिनेटमध्ये. 1986 मध्ये त्यांनी लिंकनच्या काळातला फॉल्स क्लेम्स कायदा धारदार केला: सरकारला फसवणाऱ्या कंपनीची माहिती देणाऱ्याला वसुलीतला 15 ते 30 टक्के वाटा. त्यातून आजवर 78 अब्ज डॉलरच्या वर वसुली झाली आहे. यात ना ट्रेडमिल, ना फोटो. खात्यांना पत्रं पाठवायची, उत्तर आलं नाही की पुन्हा पाठवायची, कोण्या कारकुनाने घाबरत आणून दिलेली फाइल सांभाळायची, सुनावणीत तोच प्रश्न शब्द बदलून विचारायचा. खर्चावर नजर ठेवणाऱ्या आमदार-खासदाराचा आठवडा जगात कुठेही असाच जातो, किंवा जायला हवा.

आणि जे मुख्य काम, ते तर तिथे दोन्ही पक्षांकडून होतच नाही. खर्चाची 12 विधेयकं 1 ऑक्टोबरच्या आत मंजूर करायची असतात. 1997 च्या आर्थिक वर्षानंतर ती एकदाही वेळेत झालेली नाहीत. 2025 मध्ये तर 43 दिवस सरकार बंद होतं. कोळंबीवर बोलायला एक मिनिट लागतं, विधेयक वाचायला महिने.

अर्धसत्य एकच, आणि ते मोठं आहे म्हणून नाइलाजाने मान्य करतो: पैसा खरंच गळतो. 2023 च्या आर्थिक वर्षात अमेरिकी खात्यांनीच कबूल केलेली चुकीची देणी 236 अब्ज डॉलरची होती. ही सगळी चोरी नव्हे. कागद अपुरा असला तरी यात मोजतात, कमी पैसे दिले तरी मोजतात. पण निव्वळ फसवणुकीचा जीएओचा स्वतंत्र अंदाजही वर्षाला 233 ते 521 अब्ज एवढा आहे. पेंटागॉनची, म्हणजे संरक्षण खात्याची, गोष्ट तर विचारूच नका. 2018 पासून संपूर्ण ऑडिट सुरू झालं आणि एकदाही स्वच्छ शेरा मिळालेला नाही. मात्र हे सगळं शोधलं कुणी? पगारी, कंटाळवाण्या, नाव नसलेल्या हिशेब तपासनिसांनी.

म्हणूनच शेवटच्या षटकारावर मला सगळ्यात जास्त राग आहे. 24 जानेवारी 2025 च्या रात्री सतराच्या आसपास महानिरीक्षकांना एका ईमेलने काढून टाकण्यात आलं. कायदा सांगतो की 30 दिवस आधी काँग्रेसला कळवा आणि प्रत्येकाला काढण्याचं नेमकं कारण द्या. दोन्हींपैकी काहीच झालं नव्हतं. जाब विचारणारं पत्र राष्ट्राध्यक्षांना कुणी पाठवलं? त्यांच्याच पक्षाच्या, नव्वदी गाठलेल्या ग्रासलींनी, डेमोक्रॅट डिक डर्बिन यांची सही सोबत घेऊन. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने ही हकालपट्टी बेकायदा ठरवली, पण कुणालाही परत नेमलं नाही. न्यायाधीशांचं म्हणणं असं की आज परत बसवलं तरी राष्ट्राध्यक्ष 30 दिवसांची नोटीस देऊन त्यांना पुन्हा काढू शकतील.