कब्स आणि कार्डिनल्सच्या चाहत्यांविषयी
प्लेऑफ (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्या) जवळ आले की बेसबॉलच्या चाहत्यांमधील थट्टेला कडवटपणा येतो, हे एका लेखात वाचलेले मत मला शिकागो कब्स आणि सेंट लुईस कार्डिनल्स यांच्याबाबतीत पटत नाही. या दोन शहरांच्या मधल्या मध्य इलिनॉयमध्ये एकाच घरात दोन्ही संघांचे चाहते नांदतात. सप्टेंबरमध्ये गुणतक्त्यावरून त्यांची जुंपते, पण सामना ते शेजारी बसूनच पाहतात. २०१५ मध्ये कार्डिनल्सने १००, पिट्सबर्ग पायरेट्सने ९८ आणि कब्सने ९७ सामने जिंकले, म्हणजे साऱ्या मेजर लीगमधील (अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतील) पहिले तिन्ही संघ एकाच विभागातले होते, आणि आधुनिक प्लेऑफमध्ये प्रथमच समोरासमोर आलेल्या कार्डिनल्सना कब्सने मालिकेत ३-१ असे हरवले. कार्डिनल्सच्या ११ जागतिक विजेतेपदांचा मला मनापासून आदर आहे, तरीही रिग्ली फील्ड या कब्सच्या घरच्या मैदानावरील तो विजय मला अधिक प्रिय आहे.