मोटारसायकलला मनाई असलेला रस्ता

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गावरच्या तुमच्या लेखातलं ‘समृद्धी महामार्ग गावाच्या दाराशी आला’ हे वाक्य खटकलं. आमचं शेत मेहकर तालुक्यात. बांधावरून महामार्गाचं कुंपण दिसतं, गाड्या सुसाट जाताना ऐकू येतात. पण त्या रस्त्यावर मोटारसायकल, रिक्षा, ट्रॅक्टर चालत नाही. आमच्या गावात तर वाहनं हीच! सोयाबीनची पोती आजही ट्रॉलीत टाकून जुन्याच रस्त्यानं बाजार समितीत जातात. वेगवान रस्त्यावर ही बंदी हवीच, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण ७०१ किलोमीटरच्या या रस्त्यासाठी १० जिल्ह्यांतल्या ३९२ गावांची जमीन गेली, त्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला इंटरचेंज, म्हणजे महामार्गावर चढण्या-उतरण्याची जागा, आलेला नाही.

आणि जुन्या रस्त्याचं काय? कारंजा, मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा या गावांचा बाजार त्याच्याच वर्दळीवर पोसला; ती वर्दळ आता समृद्धीवर गेली. माझ्या काकांचं चहा-नाश्त्याचं हॉटेल तिथंच आहे. पूर्वी पहाटे चारला भट्टी पेटायची, आता सातला पेटते, आणि पोह्यांची कढई एकदाच चढते. मोबदल्यातून झालेली पक्की घरं लेखात आली, ती खरीच आहेत. या बंद पडत चाललेल्या हॉटेलांवरही लिहा. इंटरचेंजपर्यंतचे गावरस्ते आणि तिथं शेतमालाची गोदामं, एवढं तरी आधी व्हायला हवं.