पेन्सिलीला नाडी नसते: ‘सेन्सर म्हणजे लूट’ या मेसेजला उत्तर

‘सेन्सर म्हणजे लुटीचा धंदा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर फिरतोय. तो वाचून माझ्या मामांनी ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र, कपाटात टाकून दिला. मामांना फुप्फुसाचा जुना आजार आहे, डॉक्टरांनी रोज मोजायला सांगितलंय. आणि मामेभावाने त्याच मेसेजचं ऐकून गाडीत सीटबेल्टच्या खाचेत पट्टा न लावताच अलार्म गप्प करणारी क्लिप खोचली. एकाच घरातली दोन माणसं धोक्यात आली, म्हणून उत्तर द्यायला बसलो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. ऑक्सिमीटर पेन्सिलीलाही आकडा दाखवतो, म्हणजे आकडे आत आधीच भरलेले असतात. ही सगळी यंत्रं हल्ली केवळ विकण्यासाठी काढली आहेत. अपघातात एअरबॅग उघडली नाही, म्हणजे सेन्सर नकली. आणि शेवटी: गाडीत एअरबॅग आहे ना, मग पट्टा कशाला, क्लिप खोचा आणि अलार्म बंद करा. तिसऱ्या मुद्द्यात जो सेन्सर नकली, त्याच्याच भरवशावर चौथ्या मुद्द्यात पट्टा सोडायला सांगितलंय, हे पुढे पाठवणाऱ्या एकाच्याही लक्षात येऊ नये?

आधी पेन्सिल. ऑक्सिमीटर बोटातून दोन प्रकाश सोडतो: एक लाल, साधारण 660 नॅनोमीटरचा, आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, साधारण 940 नॅनोमीटरचा. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश जास्त शोषतं, ऑक्सिजन सोडून दिलेलं लाल जास्त शोषतं. पण बोटातली कातडी, हाड, नीलांमधलं रक्त हेही प्रकाश अडवतातच. मग त्यातून धमनीतलं रक्त वेगळं कसं ओळखायचं? जपानच्या निहोन कोहदेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी 1970च्या दशकात कानाला लावलेल्या प्रकाश-सेन्सरने हृदय किती रक्त फेकतं ते मोजत होते, आणि नाडीचे ठोके त्या मोजणीत सारखे लुडबुड करत होते. ती लुडबुड घालवण्याच्या खटपटीत त्यांना दिसलं की ठोक्यागणिक जेवढा प्रकाश कमीजास्त होतो, तो धमनीतल्या रक्तामुळे. म्हणजे नको असलेला ठोकाच कामाचा निघाला. 1974 मध्ये त्यांनी हे तत्त्व मांडलं. आज शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल दिलेल्या माणसाच्या बोटाला जो चिमटा असतो, तो याच तत्त्वावर चालतो.

पेन्सिलीला ठोका नसतो. यंत्राला बोट आणि पेन्सिल यांतला फरक कळत नाही, ते प्रकाशातली चढउतार शोधत राहतं. हाताचा कंप, फटीतून शिरणारा खोलीतला उजेड, यालाच साधं यंत्र नाडी समजतं आणि कसलातरी आकडा काढतं. स्टेशन न लागलेला रेडिओ खरखरतो, म्हणून स्टेशन लागल्यावरच्या बातम्या खोट्या ठरत नाहीत. ज्यांना यंत्र पारखायचंच आहे त्यांनी हात स्थिर ठेवून बोटाला लावावं आणि त्यावरचे नाडीचे ठोके दुसऱ्या हाताच्या मनगटावर मोजलेल्या ठोक्यांशी जुळतात का ते बघावं. जुळत नसतील तर त्या वेळचा ऑक्सिजनचा आकडाही धरू नये.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते: ऑक्सिमीटर चुकतो. 2020 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मायकल शोडिंग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या रुग्णांची आकडेवारी छापली. यंत्र 92 ते 96 टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत प्रत्यक्ष पातळी 88च्या खाली निघाली, असं गोऱ्या रुग्णांच्या 3.6 टक्के मोजण्यांत घडलं आणि कृष्णवर्णीय रुग्णांच्या 11.7 टक्के मोजण्यांत. गडद कातडीच्या माणसांसाठी ही गंभीर त्रुटी आहे आणि ती दुरुस्त झालीच पाहिजे. कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात गेला तरी साधा ऑक्सिमीटर फसतो, आकडा चांगलाच दाखवत राहतो. पण ही त्रुटी सापडली ती यंत्राचा आकडा रक्ताच्या तपासणीशी ताडून बघितला म्हणून. त्यातून निघतं ते एवढंच की आकडा ठीक दिसला तरी धाप लागत असेल तर डॉक्टरांना गाठा. यंत्र कपाटात टाका, असं त्यातून निघत नाही.

‘हल्ली विकण्यासाठी काढलं’ या मुद्द्याला दोन ओळी पुरेत. एअरबॅगचं जॉन हेट्रिक यांचं पेटंट 1953चं आहे, व्होल्वोच्या निल्स बोलिन यांचा तीन टोकांचा पट्टा 1959चा.

आता ‘एअरबॅग उघडली नाही’. अमेरिकेचे ॲलन ब्रीड यांनी 1960च्या दशकाच्या अखेरीस धडक ओळखणारा सेन्सर तयार केला. नळीत लोहचुंबकाने धरून ठेवलेली पोलादी गोळी. साध्या ब्रेकने ती जागची हलत नाही. गाडी एका झटक्यात थांबली तरच चुंबकाची पकड सोडून पुढे जाते, संपर्क जोडते आणि फुगा फुगतो. पुढे गोळीच्या जागी सिलिकॉनची चिप आली, प्रश्न तोच राहिला: वेग किती झटक्यात घटला? बॉनेट किती चेपलंय हे सेन्सर बघत नाही. मागून धडक बसली तर गाडी पुढे ढकलली जाते, समोरच्या एअरबॅगचं तिथे काम नसतं.

आणि क्लिप. मला सगळ्यात जास्त संताप याचाच आहे. बऱ्याच गाड्यांत बक्कल लागलंय की नाही हे एअरबॅगच्या नियंत्रकाला कळतं, आणि त्यावर तो निर्णय बदलतो. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने हे आकड्यांत दिलंय: पट्टा नसलेल्या माणसासाठी समोरची एअरबॅग साधारणपणे ताशी 16 ते 19 किलोमीटर वेगाने पक्क्या भिंतीवर आदळण्याइतक्या धडकेला उघडते. पट्टा लावलेल्यासाठी बहुतेक गाड्यांत ती हद्द 26च्या आसपास असते, कारण तोवर पट्टा एकटा सांभाळून घेतो. क्लिप खोचली की नियंत्रक समजतो पट्टा लावलाय. मग ताशी 22च्या धडकेला एअरबॅग गप्प राहू शकते, आणि छातीवर पट्टाही नाही. धडक जोराची असेल तर आणखी वाईट. आदळण्याआधीच्या ब्रेकने बिनपट्ट्याचा माणूस स्टिअरिंगवर झुकलेला असतो आणि सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षाही कमी वेळात फुगणारा फुगा थेट तोंडावर, छातीवर येतो. स्टिअरिंगपासून छाती किमान 25 सेंटिमीटर दूर ठेवा असं सांगतात ते यासाठीच, आणि ते अंतर राखतो पट्टा. अमेरिकी सरकारच्या वाहतूक सुरक्षा विभागाच्या हिशेबाने कारच्या पुढच्या सीटवर मरण्याचा धोका पट्ट्याने 45 टक्क्यांनी कमी होतो.

अलार्मचा त्रास होत असेल तर पट्टा लावा. त्याच क्षणी तो थांबतो.