वरणात पाणी घालता येतं, अंड्यात नाही

शाळेतल्या पोषण आहारावर कुणी काही लिहिलं की खाली एक ठरलेली कॉमेंट येतेच. ‘पोरं जन्माला घालायची यांनी आणि खाऊ घालायचं सरकारनं!’ ही कॉमेंट करणाऱ्यांनी एकदा दिवाळीनंतर आमच्याकडं यावं. बीड जिल्ह्यातला आमचा पट्टा ऊसतोडीचा. दिवाळी झाली की टोळ्या निघतात आणि निम्मं गाव रिकामं होतं. काही पोरं आईबापाबरोबर उसाच्या फडावर जातात, बाकीची आजी-आजोबांकडं किंवा हंगामी वसतिगृहात. ज्या आजीचे गुडघे गेलेत ती सकाळी उठून काय काय रांधणार? पोरगं चहात बटर बुडवून खातं आणि दप्तर उचलतं. त्याचं दिवसातलं पहिलं धड जेवण शाळेत होतं, दुपारच्या सुट्टीत.

मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, त्यामुळं चव नोंदवहीत सही करायची पाळी अधूनमधून माझ्यावर येते. पोरांना वाढायच्या आधी कुणीतरी मोठ्या माणसानं खाऊन बघायचं असा नियम आहे, आणि चांगला आहे. पण चव बघणं वेगळं आणि ताटात काय पडतंय हे बघणं वेगळं. कागदावर पहिली ते पाचवीच्या पोराला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम. त्यासाठी लहान पोरामागं वीस ग्रॅम डाळ, पन्नास ग्रॅम भाजी, पाच ग्रॅम तेल. तांदूळ सरकारकडून वेगळा येतो. बाकी सगळ्याला, म्हणजे डाळ, भाजी, तेल, मीठ-मसाला, जळण धरून, मे 2025 पासूनचा दर आहे लहान पोरामागं रोजचे 6 रुपये 78 पैसे. मोठ्या पोरांना 10 रुपये 17 पैसे. आमच्या फाट्यावर चहासुद्धा दहा रुपयांना आहे.

एवढ्या पैशात भागवायचं म्हटल्यावर कात्री कुठं लागते हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुठल्याही बाईला सांगायला नको. टोमॅटो महागला की टोमॅटो जातो. डाळीचं पोतं वेळेवर आलं नाही की वरण पातळ होतं. पटावरची पोरं तेवढीच, डाळ तेवढीच, फक्त तांब्याभर पाणी जास्त. यात दरवेळी कुणी चोर असतो असं नाही. पण पातळ वरण कुठल्याही रजिस्टरमध्ये दिसत नाही.

म्हणून मला अंड्याचं एवढं पडलंय. अंडं पातळ करता येत नाही. ते एक तर ताटात असतं, नाहीतर नसतं. आणि ते पहिलीतल्या पोरालाही मोजता येतं. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं, म्हणजे लहान पोराच्या त्या जेवणाच्या ठरलेल्या प्रथिनांतली निम्मी. त्यात भेसळ नाही, आणि चार दिवस टिकतं.

नोव्हेंबर 2023 मध्ये आपल्या सरकारनं आठवड्यातून एक दिवस अंडं द्यायचं ठरवलं. अंड्यामागं पाच रुपये. जे खात नाहीत त्यांना केळं किंवा दुसरं फळ. आमच्याकडं त्या दिवशी स्वयंपाकाच्या मावशी जरा लवकर यायच्या. मोठ्या भगुल्यात पाणी, त्यात मूठभर मीठ, म्हणजे तडकलं तरी पांढरं बाहेर येत नाही म्हणे. तरी दोन-चार तडकायचीच. मग ती कुणाला द्यायची यावरून पोरांत रुसवे-फुगवे. कुणी पांढरं आधी खाऊन पिवळं मुठीत धरून बसायचं, कुणी उलटं. सालं परसबागेत वांग्याच्या बुडाला. त्या दिवशी हजेरी घेताना गुरुजींना पोरं शोधत हिंडावं लागत नव्हतं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय.

राज्यात त्या वेळी विरोधही झाला. शाकाहाराचा प्रश्न निघाला, निवेदनं गेली. ज्याला नको त्याला केळं मिळतच होतं, मग दुसऱ्याच्या पोराच्या ताटातलं काढायचा आग्रह कशाला, हे मला तेव्हाही कळलं नाही. आमच्या घरात माळ आहे, सासरे वारी करतात. त्यांनी एका शब्दानं अडवलं नाही. ‘ज्याचं त्याचं’ म्हणाले आणि चिलीम शोधायला उठले.

पण योजना मोडली ती विरोधानं नाही, पैशानं. जानेवारी 2025 मध्ये आदेश निघाला की अंड्यासाठी आणि खिरीच्या-नाचणी सत्त्वाच्या साखरेसाठी सरकार वेगळा पैसा देणार नाही. शाळांना द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या.

लोकसहभाग! मी त्या बैठकीला होते जिथं हे वाचून दाखवलं. सगळे एकमेकांकडं बघत बसले. साठ पोरांची शाळा धरा. अंडं सहा-सात रुपयांच्या खाली मिळत नाही. म्हणजे आठवड्याला चारशेच्या आसपास, महिन्याला सोळाशे. मोठ्या गावाला ही रक्कम काहीच नाही. पण ज्या गावातले कमावते हात सहा महिने कारखान्यावर असतात, तिथं देणगी मागायची कुणाकडं? मजुरीची आगाऊ उचल घेऊन गेलेल्या माणसाकडं? शेवटी भार येतो गुरुजींच्या खिशावर, नाहीतर निवडणुकीच्या तोंडावर एखादे दादा उगवतात. त्यांनी एकदा दिलीही. अंडी कमी आणि फोटो जास्त. पोरांना ताटं धरून उन्हात उभं केलं, त्यात उकडलेलं गार झालं. हक्काचं जेवण आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचं जेवण यात फरक आहे, आणि तो पोरांना आपल्यापेक्षा लवकर कळतो.

ज्या गावात देणारे आहेत तिथल्या पोरांना घरीही अंडं मिळतं. जिथं ते मिळत नाही तिथं देणाराही नाही. हे साधं गणित मंत्रालयात कुणाला सुचलं नसेल असं मला वाटत नाही.

आणि कृपा करून ‘राज्याकडं पैसा नाही’ हे सांगू नका. तामिळनाडूत शाळेच्या प्रत्येक दिवशी अंडं मिळतं, न खाणाऱ्याला केळं. तिथं 2022 पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीसुद्धा सुरू झाली. शिजवलेलं जेवण द्याच, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 2001 चा. त्याआधी आपल्याकडं पोरं महिन्याला तीन किलो तांदूळ पिशवीत घेऊन घरी जायची. म्हणजे सक्ती झाली की जमतं.

मावशींचं तर बोलायलाच नको असं झालंय. त्यांना महिन्याला अडीच हजार, तेही वर्षातले दहा महिने आणि वेळेवर येतील याची खात्री नाही. झाडायचं, निवडायचं, शिजवायचं, वाढायचं, भांडी घासायची. रोजंदारीवर खुरपायला गेल्या तर याहून जास्त सुटतील. त्यावर स्वतंत्र लिहीन, इथं मावणार नाही.

आमच्या समितीनं गेल्या बैठकीत ठराव घेतला : आठवड्यातून किमान दोन अंडी, खर्च सरकारचा, अंड्याचा दर बाजारभावाप्रमाणे दर तिमाहीला बदलायचा, आणि न खाणाऱ्यांना तेवढ्याच किमतीचं फळ किंवा शेंगदाण्याची चिक्की. तो पंचायत समितीत दिलाय, पोच घेतलीय. तुमच्या गावात समिती असेलच, कायद्यानं असावीच लागते, आणि तिच्यात पाऊण हिस्सा पालकच असतात. पुढच्या बैठकीत हा विषय घ्यायला लावा. ठरावाचा मजकूर टाइप करून ठेवलाय, ज्यांना हवा त्यांनी इनबॉक्स करा, गावाचं नाव तेवढं बदलून घ्या.