ॲप डिलीट केलं म्हणून कर्ज फिटत नाही

‘आरबीआयने ॲपवरची कर्जं बेकायदा ठरवली. ॲप डिलीट करा, हप्ते भरू नका. सिबिलला काही होत नाही, वसुलीवाल्यांना फोन करायलाही बंदी आहे.’ हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवड्यात तीनदा फिरला. शेजारच्या एका मुलाने तो खरा मानून दोन हप्ते थकवले, म्हणून लिहितोय.

बेकायदा ठरवली? नाही. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ ला डिजिटल कर्जांसाठी नियम आणले, बंदी नाही. रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवी, हप्ता थेट बँकेच्या किंवा एनबीएफसीच्या (बँक नसलेल्या, कर्ज देणाऱ्या वित्त कंपनीच्या) खात्यात जायला हवा. ॲप बहुतेक वेळा मधला दलाल असतो. त्या मुलाचं की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, मी उघडलं: कर्ज वीस हजार, शुल्क कापून हातात अठरा हजार आठशे, आणि कर्ज देणाऱ्या एनबीएफसीचं नाव. ते नाव त्याने तोवर वाचलंच नव्हतं. पैसे त्या एनबीएफसीला द्यायचे आहेत. ॲप काढून कर्ज फिटत नाही. कर्ज घेतल्यावर मन बदललं, तर किमान एक दिवसाची मुदत मिळते. त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय मोकळं होता येतं.

सिबिलला काही होत नाही, हे तर साफ खोटं. कर्ज कितीही छोटं असो, त्याची माहिती सिबिलसारख्या क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे, जाते. १ जानेवारी २०२५ पासून किमान दर पंधरवड्याला.

वसुलीबद्दल मात्र मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, आणि तेच नीट सांगायला हवं होतं. फोन करायला बंदी नाही. पण सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही. शिवीगाळ, धमक्या, नातेवाइकांसमोर बदनामी हे सगळं मना आहे. ॲपला तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट, गॅलरी, कॉल लॉग बघण्याची परवानगीच नाही. या मुलाच्या मामांना रात्री नऊला फोन गेला होता! तो नंबर, वेळ आणि मेसेजचे स्क्रीनशॉट आम्ही जपून ठेवले आणि आधी एनबीएफसीकडे लेखी तक्रार केली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट जाता येतं; चौकशीसाठी १४४४८.

ॲपमागे कोणती बँक किंवा एनबीएफसी आहे हेच सापडत नसेल आणि धमक्या येत असतील, तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करा किंवा पोलिसांत जा. त्या मुलाचे थकलेले दोन हप्ते आम्ही परवा भरले.