सीआरपी नॉर्मल म्हणजे व्हायरलच? कुणी सांगितलं?

फिरत फिरत तो मेसेज वहिनीपर्यंत पोचला आणि तिने ताप आलेल्या दोन महिन्यांच्या पुतणीचा रिपोर्ट मला पाठवला. सीआरपी म्हणजे संसर्ग झाला की रक्तात वाढणारं एक प्रथिन. 'सीआरपी ४ आहे, म्हणजे व्हायरल ना? मग दवाखाना कशाला?' मेसेज म्हणतो, मुलाला ताप आला की परस्पर लॅब गाठा. पांढऱ्या पेशी ११,००० च्या वर तर बॅक्टेरिया, सीआरपी नॉर्मल तर व्हायरल, विडाल पॉझिटिव्ह तर टायफॉइड. डॉक्टरची फी वाचली!

सगळ्यात घातक सीआरपीचं वाक्य. संसर्ग झाल्यावर सीआरपी वाढायलाच सहा ते बारा तास लागतात. पहाटे ताप भरला आणि सकाळी रक्त दिलं, तर ४ आल्याने काय सिद्ध झालं? तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा जास्त ताप असेल तर रिपोर्ट काहीही येवो, लगेच दवाखान्यात न्यायचं. ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हे वयच जास्त धोक्याच्या रकान्यात आहे. आणि लघवीची तपासणी? इतक्या लहान बाळांत गंभीर जिवाणूसंसर्ग बहुतेकदा तिथेच सापडतो. मेसेजमध्ये तिचं नावही नाही. पुतणीला इन्फेक्शन निघालं ते लघवीतच.

सीआरपी कामाची आहे, हे मान्य करावंच लागेल. 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकातल्या २०११ च्या आढाव्यात तापाच्या मुलांसाठी ती आणि प्रोकॅल्सिटोनिन ही संसर्गाची दुसरी रक्ततपासणी पांढऱ्या पेशींपेक्षा सरस ठरल्या. पण तिथे रेषा दोन आहेत: लिटरमागे ८० मिलिग्रॅमच्या वर गेली तर गंभीर संसर्गाचा संशय बळावतो, २० च्या खाली असली तर कमी होतो. मधल्या मुलांचं काय? तिथे मूलच बघावं लागतं. दूध ओढतंय का, धाप लागलीय का, हाक मारल्यावर बघतंय का. त्यात काही लॅब लिटरऐवजी डेसिलिटरचा आकडा छापतात. तिथला ८ म्हणजे इथला ८०. आईबाप '८च आहे' म्हणून निवांत!

११,००० ची मर्यादा मोठ्या माणसांची. दीड वर्षाच्या पोराच्या पेशी १५,००० असल्या तरी नॉर्मल असू शकतात. उलट टायफॉइड हा बॅक्टेरियाचाच आजार, पण त्यात पेशी अनेकदा वाढतच नाहीत.

विडालवर वेळ घालवत नाही. जुन्या संसर्गानेही ती पॉझिटिव्ह येते. खात्री हवी तर ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघणारी तपासणी, तेही अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी.

राहिली फी. सीबीसी (पेशींची मोजणी), सीआरपी आणि विडाल मिळून बालरोगतज्ज्ञांच्या एका तपासणीपेक्षा स्वस्तात करणारी लॅब असेल, तर तिचा पत्ता मलाही फॉरवर्ड करा.