चेकिंगचे ५०० रुपये आणि ते १८ किलोमीटर

नमस्कार साहेब. तुमच्या बाइकच्या कामाबद्दलच्या रिव्ह्यूत एक स्टार बघून वाईट वाटलं. शनिवारी तुमचे फोन उचलले गेले नाहीत आणि गाडी एक दिवस उशिरा मिळाली, त्याबद्दल माफी मागतो. शनिवारी दुकानात मी आणि एक पोरगा एवढेच असतो. असो.

पण तुम्ही पुढं लिहिलंय, "एकही पार्ट बदलला नाही, वायरला टेप गुंडाळून ६५० घेतले, वर माझी गाडी १८ किलोमीटर फिरवून आणली." हे अख्खा सातारा वाचणार, म्हणून सविस्तर लिहितो. पैशाचं एक वेळ ठीक आहे, पण गिऱ्हाइकाची गाडी घेऊन मी हुंदडायला जातो असा अर्थ निघतो, तो फार लागला.

गाडी आली तेव्हा तिच्यात नवी बॅटरी होती आणि आरआर युनिटही (रेग्युलेटर-रेक्टिफायर, इंजिनावर तयार झालेली वीज बॅटरीला चालेल अशी करून देणारं) नवंकोरं. दोन्ही दुसरीकडे बदललेली. तरी सकाळी सेल्फ 'टक टक' करून गप्प. मी तिसरा पार्ट टाकायचा का, एवढाच प्रश्न होता. आधी बॅटरी काढून चार्जरला लावली. ८ एएचची बॅटरी एक अँपिअरच्या आसपास सावकाशच भरावी लागते, त्यात रात्र गेली. उतरलेल्या बॅटरीवर घेतलेलं माप फसवं येतं, म्हणून ही घाई करता येत नाही. सकाळी चार्जर काढून थोडं थांबून मीटर लावला, १२.७ व्होल्ट. सेल्फ मारताना १०.५ च्या खाली गेली नाही. बॅटरी ठणठणीत. मग स्टेटरच्या, म्हणजे इंजिनातल्या वीज तयार करणाऱ्या कॉइलच्या, तीन पिवळ्या वायरी दोन-दोन धरून एसी व्होल्टेज मोजलं, तिन्ही जोड्यांत सारखं, बॉडीला एकही शॉर्ट नाही. गाडी चालू करून रेस दिली, बॅटरीवर १४.१. सगळं ओके! तेव्हाच चावी दिली असती तर गाडी वेळेत मिळाली असती आणि दोन दिवसांनी ढकलत परत आली असती.

तुम्हीच सांगितलं होतं, की रात्री घरी पोचता पोचता हेडलाइट मंद होतो. म्हणजे फॉल्ट गाडी गरम झाल्यावरच येतो, स्टँडवर उभ्या गाडीत तो दिसणार कसा? म्हणून सगळे लाइट चालू ठेवून यवतेश्वरच्या घाटात गेलो आणि परत येऊन गरम गाडीवरच मीटर लावला. तेवढ्याच रेसला बॅटरीवर १२.९, पण आरआरच्या आउटपुटला १४.३. मग मीटरची एक पिन आरआरच्या प्लस वायरीवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर. तिथं ०.२ च्या आसपास दिसायला हवं, दिसले १.३. मायनसच्या बाजूला जेमतेम ०.१. म्हणजे करंट तयार होत होता, पण बॅटरीपर्यंत पोचायच्या आधीच वाटेत जळत होता.

आरआर आणि बॅटरीच्या मधल्या कपलरला, म्हणजे वायरी जोडायच्या प्लास्टिकच्या जोडाला, हात लावला तर चटका बसला. उघडला, प्लास्टिक तपकिरी झालेलं, एक पिन काळी पडून सैल. त्याच्या बोटभर पुढं मेन वायर सोलून त्यावर फॉगलॅम्पची वायर पिळलेली, वर काळी टेप. रिले (जास्त करंटसाठीचा वेगळा स्विच) नाही, फ्यूज नाही. गाडी कामाला घेताना मी विचारलं होतं, "बाहेरचं काही लावलंय का?" तुम्ही नाही म्हणालात. नंतर म्हणालात, "ते तर आधीपासूनच आहे." हे आधी कळलं असतं तर माझा अर्धा दिवस वाचला असता, आणि तुमचाही.

जळका भाग कापून नवा कपलर बसवला, पिना वायरीवर दाबून घट्ट (क्रिंप) केल्या. तुम्हाला दिसली ती त्यावरची हार्नेस टेप. मग परत घाटात जाऊन आलो, गरम गाडीवर १४.० आलं. दोन्ही चकरा मिळून १८ किलोमीटर. पेट्रोल माझ्या पैशाचं टाकलं, बिल बघा, त्यात ते नाही. कपलर-पिना-टेपचे १५०, शोधण्याचे ५००.

स्टेटर टाकून चार हजारांचं बिल केलं असतं तर तुम्ही कुरकुर केली नसती, असं मला वाटतं. जुना पार्ट हातात दिला की गिऱ्हाइकाला काम झाल्यासारखं वाटतं. गंमत म्हणजे त्या खटाटोपात कपलर काढून परत दाबला गेला असता, पिन तात्पुरती धरली असती आणि गाडी काही दिवस चाललीही असती. आरआर बदलल्यावर आठवडाभर गाडी नीट चालली, असं तुम्ही म्हणाला होतात ना? ते त्यामुळंच.

फोनचं काहीतरी करतो, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर कळवत जाऊ. चेकिंगचा रेटही आधी सांगत जाऊ, बोर्ड लावायचा विचार आहे.

साइड पॅनेलमधल्या पिशवीत तुमचं जुनं आरआर होतं. ते लावून बघितलं, चांगलं आहे, भंगारात देऊ नका. फॉगलॅम्पची वायर सध्या सोडवून ठेवली आहे. रिले आणि फ्यूज आणलेत तर जोडून देतो, मजुरी नको. फक्त शनिवारी येऊ नका.